जांभळाचा हिशोब

गेल्या जूनमधल्या एका रविवारी आम्ही कर्जत लोकलने उल्हासनगरला उतरलो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आणलेल्या सिंधी निर्वासितांची ही वस्ती. 1949 साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार गमावलेल्या त्या बायांनी पापड लाटून संसार उभे केले. गंमत अशी, की ना उडीद इथला, ना मिरी.

पुढे बदलापूरला मात्र माल दारातलाच. स्टेशनाबाहेर कातकरी, ठाकूर भगिनी पानांच्या द्रोणात जांभळे घेऊन बसलेल्या. जांभळाची फांदी ठिसूळ, चढणाऱ्याचा जीव टांगणीला. आणि फळ दोन दिवसही धड राहात नाही. सकाळचा भाव संध्याकाळी निम्म्यावर येतो. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले, चांगलेच झाले. पण त्याने फळ नासायचे थोडेच थांबते? गर गाळून साखरेत शिजवला, की सरबत टिकते. बिया वाळवून भुकटी होते.

परतताना अंबरनाथच्या एका बुद्धविहारात हेच काम करणाऱ्या बचत गटाच्या भगिनी भेटल्या. सरबत झकास होते. आम्ही पडलो कारकून, वही मागितली. जांभळे, साखर, बाटल्या, गॅस, गाडीभाडे, सगळे पैशापैशाने लिहिलेले. खाली नफाही होता.

"ताई, यात तुमची मजुरी कुठंय?"

"घरचंच काम, दादा. त्याची कसली मजुरी?"

फुकट राबणे आपल्या समाजाला नवे नाही. महारवतनाची वेठ मोडावी म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. वतने गेली ती 1958 च्या कायद्याने. 1959 साली गिरगावात 7 बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, तिथेही लाटणारीला लाटण्याची मजुरी मिळते. इथे मात्र चौघी दिवसभर चुलीपाशी, आणि वहीत त्यांचा रकानाच नाही!

तिथेच बसून मजुरी धरली. नफा तर गेलाच, बाटलीमागे तोटा निघाला.

"भाव वाढवला तर घेणार कोण?" एकजण म्हणाली.

कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "स्टेशनावरची बाई हेच म्हणते. आपण तिच्याशी घासाघीस करतोच की."

कोणी काही बोलले नाही. मग वहीचे नवे पान उघडून दोन रकाने आखले गेले, एक स्वतःच्या मजुरीचा, दुसरा जांभळवालीच्या भावाचा. बाटलीचा नवा भाव अजून ठरायचा आहे.