गोधडीचा लिलाव

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की आमच्या अर्धापूरच्या घरातली जुनी पत्र्याची पेटी अंगणात येते आणि तिच्यातल्या गोधड्या भिंतीवर उन्हाला पडतात. परवाही पडल्या. मोजल्या तर नऊ भरल्या. अकरांतली एक न्यू जर्सीला गेली आहे, दुसरी कॅलिफोर्नियात. त्या तिकडे कशा पोचल्या, ही हकीकत सांगण्यात माझी काही शोभा नाही. पण फराळाच्या ताटाबरोबर दुसऱ्याची फजिती अधिक गोड लागते, हे जाणून सांगतो.

या गोधड्या माझ्या आत्याच्या हातच्या. वय ब्याऐंशी, नजर अजून सुईच्या नाकातून आरपार जाणारी, आणि स्वभाव त्या सुईपेक्षा टोकदार. 2023 च्या उन्हाळ्यात तिच्या घरावरचे पत्रे गंजून चाळणी झाले होते. पावसाळ्याआधी बदलणे भाग होते. मी म्हणालो, “आत्या, पैसे मी देतो.” ती म्हणाली, “तुझे पैसे मला कशाला? माझ्या हातचं काय हाय ते इक, अन् त्यातनं पत्रे आण.”

तिच्या हातचे म्हणजे गोधड्या! जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर, त्यांवर कडेपासून मधोमध फिरत गेलेला बारीक धावदोरा. आमच्या बाजारात त्यांना कोण विचारतो? पण न्यू जर्सीचा माझा मुलगा म्हणाला, “बाबा, इकडे अशा गोधड्या जमवणारे लोक आहेत. लिलावाला लावा.” गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्राच्या गोधड्यांवर इंग्रजीत पुस्तक केले आहे, हे मला ठाऊक होते. तेव्हा गोष्ट अगदीच हवेतली वाटली नाही.

लिलाव मला नवा नव्हता. केळीने आणि हळदीने आमचा मुलूख पोसला आहे. मोंढ्यात हळदीचे ढीग पडतात, व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहतात, आणि बोली चढत जाते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तर मी वडिलांचे बोट धरून गेलेला. तिथे उपरण्याखाली बोटे दाबून बैलांचे सौदे होत. काही महाभाग आपलाच माणूस गिऱ्हाईक म्हणून उभा करीत आणि त्याच्याकडून खोटी मागणी करवीत. वडील म्हणत, “तो बैल नाही विकत, जबान विकतो.”

इंटरनेटवरचा लिलाव मात्र निराळा. 1995 साली पियरे ओमिड्यार याने अमेरिकेत ईबे सुरू केले, तेव्हा विकली गेलेली पहिली वस्तू होती एक मोडका लेझर पॉइंटर, आणि तो गेला 14.83 डॉलरला! आपल्याकडे 2000 साली बाजी नावाची तशीच पेढी निघाली. ती 2004 मध्ये ईबेने घेतली, आणि ईबेची भारतातली दुकानदारी 2018 मध्ये बंद झाली. पण परदेशी गिऱ्हाइकापर्यंत जाण्याच्या वाटा खुल्या राहिल्या. त्यांतली एक मी धरली.

तिथली रीत अशी. गिऱ्हाईक आपली जास्तीत जास्त किंमत यंत्राच्या कानात सांगून ठेवते. यंत्र ती फोडत नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा पायरीभर वर, एवढीच किंमत जिंकणाऱ्याला पडते. या युक्तीमागचे गणित विल्यम विक्रे या अर्थशास्त्रज्ञाने 1961 साली मांडले होते. जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची किंमत द्यायची असली, की प्रत्येकाने मनातला खरा आकडा सांगण्यातच त्याचा फायदा असतो. 1996 मध्ये त्यांना नोबेल मिळाले, आणि बातमी आल्यावर तीनच दिवसांत ते वारले.

एवढे वाचून मी स्वतःला मोठा जाणकार समजू लागलो. सुरुवातीची किंमत ठेवली दहा डॉलर, म्हणजे गर्दी जमेल. मुदत सात दिवस. रात्रीचे जेवण आटोपून निवांत पाहता यावे म्हणून गुरुवारी रात्री आठला लिलाव लावला, म्हणजे तो पुढच्या गुरुवारी रात्री आठलाच संपणार! माझी सोय मी पाहिली. गिऱ्हाइकाची पाहिली नाही. आमचे रात्रीचे आठ म्हणजे न्यूयॉर्कला सकाळचे साडेदहा, सगळे कचेरीत. आणि कॅलिफोर्नियात साडेसात, सगळे न्याहारीच्या घाईत.

शेवटच्या दिवशी बोली एकतीस डॉलरवर रुतून बसली. आत्याच्या पत्र्यांतून मला आभाळ दिसू लागले. आणि माझ्या हातून ती गोष्ट घडली. मुलाला फोन करून म्हणालो, “तू बोली लाव, म्हणजे किंमत चढेल.” नातलगांनी बोली लावू नये असा तिथला स्पष्ट नियम होता. तो मी वाचलाही होता. मुलगा जरा घुटमळला, पण बापाचा शब्द त्याला मोडवेना. समोरचे गिऱ्हाईक एकसष्टवर थांबले. बासष्ट डॉलरला गोधडी विकली गेली, माझ्याच मुलाला!

पाच हजार आणि काही रुपये मी आत्याच्या हातावर ठेवले. तिने ते मोजले आणि विचारले, “कोण घेतलं रे?” तिच्यापुढे खोटे बोलणे मला लहानपणापासून जमलेले नाही. ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मोंढ्यात आपलीच हळद आपुनच घेतली तर भाव चढला म्हंतेत का? अन् ते दुसरं माणूस, त्याला यवढं वर चढवलास, ते खरंच घेतलं असतं तर?”

या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. वडिलांचे उपरणे डोळ्यांपुढे आले.

पैसे मुलाला परत गेले. गोधडीही त्याच्याकडेच गेली, पण आत्याची भेट म्हणून. दुसऱ्या गोधडीची किंमत आता तिने स्वतः ठरवली. “दोन महिने रोज दुपारची बसले. म्हंजे पुरे वीस रोज. निंदायला गेले असते तर रोजाचे अडीचशे मिळाले असते. वर दोऱ्याचे तीनशे. लुगड्यांचे काय धरू नको, ती फाटलीच व्हती.” झाले पाच हजार तीनशे, म्हणजे पासष्ट डॉलर. माझ्या चलाखीने तिला निंदणीचा रोजही पुरता मिळवून दिला नव्हता! टपालखर्च गिऱ्हाइकाचा, आणि पासष्टच्या खाली द्यायचे नाही असे ठरले.

वेळही बदलली. आल्विन रॉथ आणि आक्सेल ओकेनफेल्स या दोघांनी 2002 मध्ये दाखवून दिले होते, की ठरल्या क्षणी संपणाऱ्या लिलावात पुष्कळ जाणते गिऱ्हाईक अगदी शेवटाला बोली लावते. तेव्हा त्या शेवटाला ते घरी, निवांत असले पाहिजे. म्हणून मुदत ठेवली सोमवारी सकाळी साडेसहाची. त्या वेळी न्यूयॉर्कला रविवारच्या रात्रीचे नऊ असतात आणि कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सहा.

शनिवारपर्यंत कुणी फिरकले नाही. रविवारी पासष्टची एकच बोली आली. मुलाचा फोन आला, तर मी त्याला आधीच सांगून टाकले, “तू लांब राहा.” सोमवारी पहाटे आत्या अंघोळ करून माझ्या बाजेवर येऊन बसली. शेवटचे मिनिट लागले तरी पासष्ट. ती म्हणाली, “असू दे. रोज तर निघाला.” इतक्यात चौऱ्याऐंशी झाले. मग शेवटच्या काही सेकंदांत आकडा हलला आणि एकशे एकतीसवर थांबला. तिला डॉलर कळत नव्हते. मी रुपये सांगितले, तेव्हा तिने पदराने तोंड पुसले आणि चहा मागितला.

तिथली दलाली वजा जाता आलेल्या पैशांत चुलीवरच्या बाजूचे पत्रे झाले. जूनमध्ये पाऊस आला, तेव्हा भाकरी कोरड्या राहिल्या.

पुढे त्या कॅलिफोर्नियाच्या बाईंनी छायाचित्र पाठवले. गोधडी त्यांनी दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगली होती. मी मोठ्या अभिमानाने आत्याला दाखवले. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग म्हणाली, “भिंतीला काय थंडी वाजती का रे? तिला कळव, अंगावर घे म्हणावं.”

मी कळवले. बाईंचे उत्तर आले, की थंडीत त्या ती काढून पांघरतात. आत्याचा त्यावर अजून पुरता विश्वास बसलेला नाही. परवा उन्हातल्या नऊ गोधड्यांच्या घड्या घालताना तिने त्यांतली एक बाजूला काढली, दोरा तपासला, आणि माझ्याकडे न पाहताच विचारले, “दुसऱ्या बाजूचे पत्रे किती लागतेत?”