लंडनमधली माझी साक्ष

बरेच वीकांत हे लिहायचं टाळलं. कधी रिलीज होता, कधी पुणे-नांदेड प्रवास, आणि काहीच नसलं की झोप. खरं कारण वेगळंच आहे. लंडनमध्ये एका चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून मी थापा मारल्या. त्याही देवाच्या नावानं.

तर सुरुवातीपासून सांगतो.

मी हदगावचा. नांदेडहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की अर्धापूर, मग वारंगा फाटा, मग आमचं गाव. हळद, कापूस, आणि दत्तबर्डीचं देऊळ. गावात आमची ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. उपासना कुणाच्या तरी ओसरीवर, नाताळला नांदेडचं चर्च. आजीजवळ 'उपासनासंगीत'ची एक प्रत आहे, पुठ्ठा निघालेली, आणि टाळ. ती भजनाला बसली की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, इथं एकादशी चालू आहे. शाळेत मास्तर मला म्हणायचे, "क्रिश्चन ना तू? मग इंग्लिश का येईना?" याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. बाबांचं धोरण एकच, धर्म घरात आणि अभ्यास बाहेर. 'मिशनरी' हा शब्द आमच्याकडं जपून वापरावा लागतो हे मला फार लहानपणीच कळलं होतं.

पुढं इंजिनिअरिंग, पुणे, नोकरी. श्रद्धेचं म्हणाल तर ती जुन्या सिस्टिममधल्या कोडसारखी झाली होती. कुणी लिहिलं माहीत नाही, का चालतं माहीत नाही, चालतंय ना, मग हात लावू नका!

2024 च्या जानेवारीत मी लंडनला ऑनसाईट होतो. क्लायंटचं ऑफिस हॅमरस्मिथला, आणि राहायला फुलहॅममध्ये माळ्यावरची एक खोली, जिच्या भाड्यात हदगावात अख्खा वाडा मिळेल. चार वाजता अंधार. रविवारी बोलायला कुणी नाही. घराजवळ एक चर्च होतं, आत हीटर होता आणि उपासनेनंतर कॉफी-बिस्किटं फुकट होती. हे सगळं प्रामाणिकपणे सांगतोय, नाहीतर पुन्हा तेच व्हायचं.

पहिल्या रविवारी मी डोकी मोजली. एकतीस. त्यातली पंचवीस तरी सत्तरीच्या पुढची. ज्या देशानं आमच्याकडं मिशनरी पाठवले, तिथं 2021 च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे निम्म्याहून कमी निघाले, इंग्लंड आणि वेल्स मिळून 46.2 टक्के. 2011 मध्ये हाच आकडा 59.3 होता. त्यामुळं मी, म्हणजे अठ्ठावीस वर्षांचा, भारतातून आलेला, त्यातही जन्मानं ख्रिस्ती, त्या लोकांना एकदम लॉटरी लागल्यासारखा वाटलो. तो महिना त्यांचा मिशनचा महिना होता. मी म्हटलं, चला, करू. फोटोही काढता येतील.

मिशन म्हणजे मला वाटलं होतं पत्रकं वाटणं, गाणी म्हणणं, कोपऱ्यावर भाषण. निघालं भलतंच. थंडीत तिथली काही चर्चेस बेघर लोकांसाठी आठवड्याचे वार वाटून घेतात. आज या चर्चच्या हॉलमध्ये, उद्या त्या. संध्याकाळी सातला दार उघडायचं, गरम जेवण, मग टेबलं हलवून जमिनीवर गाद्या. सकाळी नाश्ता, आणि आठच्या आत हॉल रिकामा, कारण नऊला तिथं बालवाडी भरते. माझ्याकडं आठवड्यातल्या तीन संध्याकाळी आणि एक सकाळ आली. काम काय? कांदे चिरणं, भांडी घासणं, गाद्यांना जंतुनाशक फवारणं, संडास साफ करणं. आणि एक सक्त नियम, आलेल्या माणसाला तो स्वतः विचारत नाही तोवर देवाबद्दल चकार शब्द बोलायचा नाही.

मी थक्क झालो. मग याला मिशन कशाला म्हणायचं? आमच्या तिथल्या प्रमुख, सत्तरीच्या एक निवृत्त नर्सबाई, म्हणाल्या, "भुकेल्या माणसाला जेवणाच्या बदल्यात ऐकायला लावणं हा सौदा झाला." आणि माझ्या हातात मोप दिला.

आता त्या थापांचं. दुसऱ्या रविवारी मला पाच मिनिटं 'साक्ष' द्यायला सांगितलं. साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीसमोर सांगणं. मी रात्री लिहायला बसलो आणि लक्षात आलं की लिहिण्यासारखं काहीच नाही. पण समोरच्या लोकांना काय ऐकायचंय ते मला पक्कं ठाऊक होतं. दहा जणांनी कॉफी घेताना तेच विचारलं होतं, त्रास होतो का, गरिबी फार असेल ना. शेवटी रिक्वायरमेंट समजून घेणं हाच माझा धंदा. मी सांगितलं की आमच्या घरात वीज नव्हती. रविवारच्या शाळेला जाताना पोरं दगड मारायची. पाटी-पेन्सिल मिशननं दिली म्हणून मी शिकलो.

यातलं काहीही खरं नाही. घरात वीज होती (लोडशेडिंग सोडून). दगड मीच मारायचो, चिंचेला. आमच्या नाताळच्या करंज्या अख्ख्या गल्लीत जातात आणि पोळ्याला गल्लीतून पुरणाच्या पोळ्या येतात. त्रास कधीच झाला नाही असं म्हणणार नाही, पण तो असा नव्हता, आणि तो सांगायला मला अजूनही नीट शब्द नाहीत. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एका आजोबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. 'खोटी साक्ष देऊ नको' ही दहा आज्ञांमधली एक आज्ञा आहे, आणि मी ती चक्क पुलपिटावर उभं राहून मोडली होती.

त्या आठवड्यात झोप लागेना म्हणून मी खऱ्या साक्षी वाचायला घेतल्या. त्यात पंडिता रमाबाईंची साक्ष सापडली, 1907 साली लिहिलेली. ऑफिसला जाताना मोबाईलवर वाचत होतो आणि मध्येच 'फुलहॅम' हा शब्द आला. माझं स्टेशनच निघून गेलं!

रमाबाई 1883 साली इंग्लंडला आल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. आई-वडील दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, आदल्याच वर्षी नवरा गेलेला, बरोबर लहानगी मनोरमा. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्यानं ते राहिलं. वाँटेज गावच्या ज्या सिस्टर्सकडं त्या उतरल्या, त्यांची पुण्यातल्या पंचहौदेला शाखा होती. (तीच पंचहौद मिशन, जिथं 1890 मध्ये चहा पिण्यावरून रानडे-टिळकांवर ग्रामण्य झालं. मी रोज तिथून दुचाकीवर जायचो, कधी मान वर करून बघितलं नव्हतं.) एकदा हवापालट म्हणून बाईंना लंडनला पाठवलं. तिथं सिस्टर्सनी त्यांना फुलहॅममधलं आपलं काम दाखवलं. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांचं घर होतं ते. त्यातल्या काही बायका आता स्वतःच आजाऱ्यांची सेवा करत होत्या. अशा बायकांसाठी कुणी काही करावं, ही कल्पनाच बाईंना नवीन होती. परत आल्यावर त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा एका सिस्टरनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

म्हणजे आधी काम बघितलं, प्रश्न नंतर विचारला. आणि पुढं केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं तेव्हा त्यात अशाच बायकांसाठी कृपा सदन निघालं.

पण मला झोंबलं ते वेगळं. ज्यांच्या घरी राहायचं, ज्यांचं खायचं, त्यांना बरं वाटावं म्हणून या बाई एक शब्द बोलल्या नाहीत. मांस नाही, अंडं घातलेला पदार्थही नाही. क्रॉसवर लॅटिन अक्षरं बघून त्यांनी विचारलं, जी भाषा मला कळत नाही ती का, संस्कृत का नको? सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रांतला वाद वाचला तर वाटतं, कुणी कुणाला शिकवायला घेतलंय! आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्या साक्षीतच त्यांनी लिहिलंय की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. चाळीसएक वर्षं माझ्यासारख्या जन्मजात ख्रिश्चनाला जे कबूल करायला लागतील, ते त्यांनी छापून टाकलं.

शेल्टरमध्ये एक बाई यायची. पन्नाशीची असावी. कुणाशी बोलायची नाही, बूट उशाखाली घेऊन झोपायची. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी चहा देताना तिनं मला विचारलं, "तू प्रार्थना करतोस का?" मी सवयीनं हो म्हटलं. ती म्हणाली, "मग माझ्यासाठी कर," आणि आपलं नाव सांगितलं. मी मान डोलावली. संध्याकाळी खोलीवर गेलो आणि गुडघे टेकले, बऱ्याच वर्षांनी, कुणी बघत नसताना. एवढंच सुचलं की मी खोटारडा आहे, आणि तिचं नाव अमुक आहे. त्यापुढं शब्द नाहीत. बराच वेळ तसाच बसलो होतो, गुडघे दुखायला लागले तरी. त्याला श्रद्धा वाढली म्हणतात का, मला सांगता येणार नाही. पण तो जुना कोड पहिल्यांदा उघडून बघितला, हे नक्की.

दुसऱ्या दिवशी गाद्या घड्या करताना नर्सबाईंना सगळं सांगून टाकलं. वीज, दगड, पाटी-पेन्सिल. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "आम्हाला तसंच ऐकायला आवडतं, हा आमचाही दोष आहे. मग खरी गोष्ट कोणती?"

खरी गोष्ट... मग मी आजीचं सांगितलं. आजी सरकारी दवाखान्यात आया होती. वॉर्डात कुणी बेवारशी पेशंट असला, ज्याला डबा आणायला कुणी नाही असा, की आमच्या घरून डबा जायचा. पिठलं-भाकरी, कधी नुसतं वरण-भात. तो डबा पोचवायचं काम माझ्याकडं, क्रिकेट सोडून. मी जाम कुरकुरायचो. आजीनं त्या माणसांना येशूबद्दल काही सांगितल्याचं मला आठवत नाही. डबा रिकामा परत आला का, एवढंच ती विचारायची.

नर्सबाई म्हणाल्या, "हे का नाही सांगितलंस?"

मला ती साक्ष वाटलीच नव्हती. शेवटच्या रविवारी मी पुन्हा उभा राहिलो, आधीचं खोटं होतं ते सांगितलं आणि मग डब्याचं सांगितलं. या वेळी कुणी रडलं नाही. दोघं-तिघं कॉफीला माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. हात धरणाऱ्या आजोबांनी मात्र पिठलं कसं करतात ते विचारलं. ती बाई त्या आठवड्यात शेल्टरला आली नाही, नंतरही नाही. कुठं गेली, कळलं नाही.

एप्रिलमध्ये हदगावला गेलो. बाबांनी आधीच फोनवर बजावलं होतं, "मिशन-बिशन केलं म्हणून गावात सांगत बसू नको." आजीला मात्र सांगितलं.

"महिनाभर काय करलालास बा तिकडं?"

"भांडी घासली. गाद्या टाकल्या. संडास धुतले."

"अन् इथं एक तांब्या उचलत न्हाईस." मग थोड्या वेळानं, "त्या बाईचं नाव काय म्हनलास?"

मी सांगितलं. इंग्रजी नाव, तिच्या जिभेला वळेना. दोनदा म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. रात्री दिवा मालवायच्या आधी ती नेहमीसारखी प्रार्थनेला बसली. गल्लीतल्यांची नावं झाली, नांदेडला ॲडमिट असलेल्या कुणाचं तरी नाव झालं, आणि मग ते नाव आलं, पार हदगावचं करून टाकलेलं. मला ओळखायला क्षणभर लागलं, म्हणून आमेन म्हणायला उशीर झाला.