नाव न विसरणारं गाणं

राजकीय गाण्याची पारख सुरांवरून करावी, की त्याने कुणाला विसरू दिलं नाही यावरून? 'एंजेलिक अपस्टार्ट्स'चा 'टीनेज वॉर्निंग' हा अल्बम ऐकताना मला दुसरी कसोटी अधिक खरी वाटत आली आहे. हा स्ट्रीट पंक बँड १९७७ साली इंग्लंडच्या ईशान्येला, कोळसा आणि जहाजबांधणीवर जगणाऱ्या साउथ शील्ड्समध्ये उभा राहिला. गायक मेन्सी खाणीत काम केलेला. १९७९च्या या पहिल्याच अल्बममध्ये लिडल टॉवर्सवरचं, त्याच्या मृत्यूला खून म्हणणारं गाणं आहे. टॉवर्स हा इलेक्ट्रिशियन, हौशी मुष्टियोद्ध्यांना शिकवणारा. जानेवारी १९७६मध्ये पोलिसांनी त्याला पकडलं आणि फेब्रुवारीत तो मरण पावला. मृत्यूच्या चौकशीतल्या ज्युरीने हा समर्थनीय मनुष्यवध ठरवला. तो निर्णय वरच्या न्यायालयात रद्द झाला आणि १९७८च्या दुसऱ्या चौकशीने मृत्यूला दुर्घटना म्हटलं.

या गाण्यावर गंभीर आक्षेप असा, की न्यायालयाने ज्याला खून म्हटलं नाही त्याला गाण्याने खून म्हणावं का? मला वाटतं, म्हणावं. गाणं कुणाला तुरुंगात धाडत नाही, ते जाब विचारतं. आणि एकाच मृत्यूबद्दल जिथे दोन ज्युरी दोन गोष्टी सांगतात, तिथे तो विचारण्याचा हक्क त्या माणसासारखंच जगणाऱ्यांचा आहे. दुसरा आक्षेप पैशाचा: अल्बम वॉर्नरसारख्या बड्या कंपनीने काढला, मग बंड कसलं? पण हे गाणं कंपनी येण्याआधीच, १९७८मध्ये, बँडने स्वतः रेकॉर्ड करून बाजारात आणलं होतं. कंपनीमुळे ते लांबवर पोहोचलं, इतकंच. तिसरा आक्षेप श्रोत्यांचा. स्ट्रीट पंकच्या मैफलींत नॅशनल फ्रंट या अतिउजव्या पक्षाचे वंशद्वेष्टे घुसत, हे खरं आहे. मात्र मेन्सी त्यांच्याविरुद्ध उघड उभा राहिला आणि पुढे फॅसिझमविरोधी चळवळीत उतरला. गर्दीत कोण शिरलं, यापेक्षा मंचावरचा माणूस त्यांना काय म्हणाला, हे मी मोलाचं मानतो.

गिटारचे मोजके स्वर, ओरडून म्हटलेले शब्द, कुठेही नाजूकपणा नाही. हा ओबडधोबडपणा या गाण्यांना शोभतो, कारण ती ज्यांच्यासाठी आहेत त्यांना सजावटीची गरज नव्हती, साक्षीदाराची होती. मेन्सी २०२१ साली गेला, पण त्याच्या गाण्यातलं नाव राहिलं. सत्तेविरुद्ध मोघम संताप गाणं सोपं असतं. एका सामान्य माणसाचं नाव घेऊन, नेमका आरोप करणं जोखमीचं. यापुढे कुठलंही राजकीय गाणं ऐकाल, तेव्हा त्यात नाव कुणाचं आहे, हे आधी पाहा.