सुरमईला सुट्टी!

महाड सोडलं की मुंबई-गोवा हायवेवर अर्ध्या तासात पोलादपूर. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या इथून आंबेनळी घाटाकडे वळतात. मी मात्र मावशीकडे थांबते. तेही खास श्रावणात! दोन वर्षांपूर्वी अ‍ॅलर्जीमुळे डॉक्टरांनी माझे मासे कायमचे बंद केले. तेव्हापासून या मासेखाऊ घरात माझं पान वेगळं. श्रावणात मात्र अख्खं घर माझ्या पंगतीला!

गावाला समुद्र नाही, पण सावित्री इथूनच बाणकोटच्या खाडीकडे जाते. चटक काही सुटत नाही. मग मावशी सुरण काढते. हातांना तेल चोळून काप करायचे, आमसुलाच्या पाण्यात हळद-मीठ घालून अर्धे शिजवायचे. आमसूल टाळलंत तर घसा खाजलाच म्हणून समजा. सुरणातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक टोचतात. मग आलं-लसूण, घरचा मसाला, वरून तांदळाचं पीठ आणि रवा. (आमच्याकडे श्रावणात लसूण चालते. तुमच्याकडे नसेल, तर हिंग.) तव्यावर सढळ तेल, आच मंद. घाई केलीत की रवा करपतो आणि सुरण आत कच्चा.

समुद्राचा वास यावा म्हणून काही व्हेगन शेफ नोरी हे समुद्री शेवाळ वापरतात. मावशीला सांगितलं, तर म्हणाली, "शेवाळ? ते विहिरीवर असतं गं, घसरून पडायला!"

काकांनी यंदा पहिला काप मोडला आणि सवयीने काटा शोधला.