दिवेलागणीचा ट्रम्पेट

दिवेलागणीला आई देवापाशी निरांजन लावायची आणि त्याच सुमारास, धोबीतलावाच्या अंगाने, एक ट्रम्पेट ऐकू यायचा. मोकळा नव्हे. तोंडाशी म्यूट बसवलेला, सर्दी झाल्यासारखा थोडा नाकातला. शेजारी निजलेलं बाळ जागं होऊ नये म्हणून कुणी हलकेच हाक मारावी तसा. आमची चाळ चिराबाजारातली. पलीकडे गोवेकरांचे ते गावोगावचे क्लब, त्यांच्या बोलीतली 'कूड'. बोटीवर जाणारे, बोटीवरून परतलेले, हॉटेलांत नि सिनेमांत वाजवणारे, सगळे तिथे आपापली पेटी टाकून राहत. वादक मला कधीच दिसला नाही. पण एकच ओळ तो पंधरा-वीसदा घोटायचा आणि दर वेळी शेवटचा सूर जरा उशिरा सोडायचा. त्या उशिरात काय होतं, कोण जाणे. आजही संध्याकाळी उगाच थबकायला होतं.

जॅझ हा शब्द आमच्या घरात नव्हता. होता तो 'अलबेला'. सिनेमा १९५१चा, पण वडिलांना दर रविवारी नवा. गालावर दाढीचा साबण सुकत असायचा आणि ते म्हणायचे, "ऐक, पुणतांब्याचा माणूस आहे हा!" त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, त्यांचा वडिलांना भारी अभिमान. त्या गाण्यांतला आपल्या मातीतला ठेका मला लगेच ओळखू यायचा. त्यावरची ती पितळी लकाकी कुणाची, हे मात्र फार उशिरा कळलं. हळदोण्याचा आन्तोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट. ताजमध्ये आपला बँड घेऊन वाजवणारा; लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. 'अलबेला'त तो बँडसकट पडद्यावरही आहे. चर्चच्या शाळेत स्वरलिपी गिरवलेली ही गोव्याची पोरं. मांडो रक्तात, आर्मस्ट्राँग कानात आणि पोटासाठी हिंदी गाणं. याला भेसळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

चिक १९६७ साली गेला. मी ऐकायचो तो दुसराच कुणी, बिननावाचा. कधी कधी त्याची ओळ आणि आईची शुभंकरोति एकाच वेळी सुरू व्हायची. मग आई मध्येच थांबायची, हात जोडलेले तसेच ठेवून, त्याचा तो शेवटचा सूर सुटेपर्यंत.