वाघोडियाची जुनी मर्सिडीज

वाघोडिया हे नाव आपल्या भागात फारसे कुणी ऐकले नसेल. बडोद्याच्या पूर्वेला सुमारे 20 किलोमीटरवरचे हे तालुक्याचे गाव. माझी थोरली बहीण, आमची अक्का, लग्न होऊन बडोद्याच्या दांडिया बाजारात गेली आणि पुढे भावजींच्या नोकरीमुळे वाघोडियाला स्थायिक झाली. आजवर मी तिथे पाच-सहा वेळा गेलो असेन. पण यंदा दिवाळीच्या सुट्टीत गेलो तो पाहुणा म्हणून नव्हे, पंच म्हणून!

त्याचे असे झाले. अक्काचा फोन आला, "बाळ, तू ये आणि तुझ्या भावजींना समजाव. कंपनी बंद झाली, फंडाचे पैसे आले आणि ह्यांनी त्यातून जुनी मर्सिडीज आणून दारात उभी केलीय. साकू झालं मला!" इतकी वर्षे गुजरातेत काढली, पण राग आला की अक्काच्या तोंडी बेळगावचे 'साकू'च येते.

बेळगावहून अजमेरकडे जाणारी गाडी मिरज, पुणे, सुरत करत बडोद्याला पोचते. स्टेशनवरून वाघोडिया रस्त्याला लागले की आधी शहराची दाटी, मग हमरस्ता ओलांडल्यावर लिमड्याचे मोठे खासगी विद्यापीठ. त्याच्या फाटकाशी परदेशी विद्यार्थीही गुजराती चहावाल्याशी घासाघीस करताना दिसतात. पुढे कापूस, तूर, एरंडीची शेते आणि त्यांना खेटून औद्योगिक वसाहतीच्या शेड. हवा स्वच्छ असली तर ईशान्येला पावागडाचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी चांपानेर, आणि अलीकडे हालोल. हालोलला 1996 साली ओपेल अ‍ॅस्ट्रा तयार होऊ लागली, 2017 साली जनरल मोटर्सने तिथले उत्पादन थांबवले आणि 2019 पासून त्याच जागी एमजीच्या गाड्या बनू लागल्या. त्यामुळे या टापूत मोटारीचा एखादा तरी भाग हाताखालून गेलेली माणसे घराघरात भेटतात. आमचे भावजी त्यांतलेच. सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात 28 वर्षे यंत्रांची देखभाल केली, आणि छप्पन्नाव्या वर्षी कारखानाच बंद पडला.

घरी पोचलो तर कडुलिंबाखाली ती उभी होती. फिकट बदामी रंग, समोर चांदणी, आत उसवलेली आसने. 1982 सालची 240 डी. जाणकार या घडणीच्या गाड्यांना 'एकशे तेवीस' म्हणतात. 1975 च्या अखेरीपासून दहा वर्षांत अशा सुमारे 27 लाख गाड्या जर्मनीत तयार झाल्या. गंमत अशी, की आपल्याकडे जी बड्यांची गाडी, तीच जर्मनीत आणि मोरोक्कोत टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षे राबली. ही गाडी एके काळी दिल्लीतल्या एका वकिलातीत होती, असे विकणाऱ्याने सांगितले. किंमत नव्या लहान मोटारीपेक्षाही कमी. "स्वस्त मिळाली," भावजी म्हणाले. अक्का आतून म्हणाली, "हत्तीही स्वस्त मिळतो. खायला घालणं महाग असतं!"

अक्काचे म्हणणे खोटे नव्हते. उंची गाडीची किंमत काळाबरोबर उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. भाची शेवटच्या वर्षाला, घरात येणारा पगार थांबलेला. मी दोन दिवस भावजींना विकण्याचे फायदे सांगत होतो. ते ऐकून घेत आणि म्हणत, "चालशे. तो दिवा जरा इकडे धरा." असा मी नकळत मदतनीस झालो.

गाडीचे दुखणे विचित्र होते. चावी फिरवून काढून घेतली तरी इंजिन बंद होत नसे! पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी तोडली की काम संपते. डिझेलमध्ये ठिणगी नसतेच. दाबाने तापलेल्या हवेत तेल पेटते, म्हणून ते बंद करायचे तर तेलच थांबवावे लागते. या गाडीत ते काम वीज करत नाही, व्हॅक्यूम करते. इंजिनावर चालणारा एक पंप बारीक नळ्यांतून हवा ओढून घेतो. चावी फिरवली की त्या ओढीने तेलाची वाट बंद होते. दारांची कुलपेही त्याच ओढीवर, आणि ब्रेक हलका करणारा बूस्टरही त्याच पंपावर. तेव्हा कुठे गळती असली तर ती एका जागी, आणि दुखणे दुसऱ्याच जागी दिसते. तोवर इंजिनावरची 'स्टॉप' लिहिलेली छोटी दांडी दाबून धरायची, तेव्हा ते थांबायचे.

बडोद्याच्या एका गॅरेजात मोठा खर्च सांगितला होता: पंप बदला, सगळ्या नळ्या बदला. भावजी हात पुसत म्हणाले, "अहो, काय बिघडलंय ते कळल्याशिवाय बदलायचं कसं? कारखान्यात असं केलं असतं तर पहिल्याच वर्षी घरी बसलो असतो."

मग त्यांनी रीत लावली. कुलपांकडे जाणारी पिवळी नळी मुळाशी काढली आणि तिथे बूच मारले. इंजिन सुरू केले, चावी फिरवली. ते शहाण्यासारखे बंद पडले! म्हणजे पंप ठीक, बंद करणारा भागही ठीक, गळती दारांकडे. मग एकेका दाराची नळी तपासायची. मोजायचे यंत्र नव्हते. भावजींनी नळी कापडाने पुसून माझ्या हाती दिली, "हवा ओढा आणि टोकाला जीभ लावा. जीभ चिकटून राहिली तर नळी शाबूत." एम.ए. मराठी असा मी, बदामी मोटारीची नळी तोंडात धरून कडुलिंबाखाली बसलो होतो. शेजारचे जुने गुजराती मिस्त्री कुंपणावरून हसले आणि म्हणाले, "साहेब, गाडी बोले छे, सांभळो."

गाडी बोलते, ऐका. पण ऐकले ते अक्काने. मागच्या आसनावर सावलीत ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. नळ्या पुन्हा जोडून, इंजिन दांडीने थांबवल्यावर ती म्हणाली, "डाव्या दारातून कुकरची रिंग ढिली झाल्यासारखा आवाज येतोय." दाराची आतली पाटी उघडली. कुलूप ओढणाऱ्या डबीतला रबरी पडदा चिरलेला होता. दोन बोटांत मावेल एवढा! ती एक डबी मुंबईहून मागवायची, एवढेच.

त्या रात्री जेवताना पहिल्यांदाच भांडण झाले नाही. भावजींनी मला वहीतले पान दाखवले. काय स्वतः करायचे: तेल, फिल्टर, नळ्या, आणि थंड इंजिनावर व्हॉल्व्हची फट, आत येणाऱ्याची 0.10 मिलिमीटर, बाहेर जाणाऱ्याची 0.30. काय स्वतः करायचे नाही: ब्रेक आणि स्टिअरिंग. "ब्रेकमध्ये चूक झाली तर शिकायला दुसरी संधी मिळत नाही. ते मिस्त्रींकडे," ते म्हणाले. जुनी उंची गाडी घ्यायची हौस असलेल्या वाचकांनी हे पान लक्षात ठेवावे. त्यात मी एकच भर घालतो: रंगाआधी कागद पाहावेत. 15 वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण होते का, हे आरटीओत विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि गालिचे उचलून तळाचा पत्रा पाहावा. इंजिन दुरुस्त होते, गंजलेला सांगाडा घर खातो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बडोद्याला गेलो. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या हिरवळीवर 2023 च्या जानेवारीत देशभरच्या जुन्या मोटारींचा मोठा मेळावा भरला होता. आपल्या लोकांना कोल्हापूरची मेबॅक माहीत असते. शाही दसऱ्याला ती निघाली की रस्त्यावर माना वळतात. पण भावजींनी मला राजवाड्याआधी कलाभवनाकडे नेले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेल्या सयाजीराव महाराजांनी 1890 साली हे कलाभवन काढले. हाताने काम करणाऱ्याला शास्त्र कळावे, हा त्यामागचा विचार. दादासाहेब फाळके इथेच शिकले. आज तिथे विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे. "माझे आजोबा इथं शिकले. राजाच्या मोटारी पाहायला सगळेच येतात, त्या चालू ठेवणारे इथं तयार होत," भावजी म्हणाले. तेव्हा मला उमगले, की त्यांनी मोटार विकत घेतलीच नव्हती. सकाळी उठून करायला काम विकत घेतले होते. 28 वर्षे बिघाड शोधणाऱ्या हातांना अचानक रिकामे बसवले तर ते करणार काय?

म्हणून मग मी पंचाचा निवाडा दिला. भाचीच्या फीची रक्कम आधी बँकेत वेगळी ठेवायची. गाडीवरचा खर्च महिन्याला ठरलेल्या आकड्याच्या आत. त्याची वही अक्काकडे. दोन वर्षे लागोपाठ आकडा ओलांडला तर गाडी विकायची, कुरकुर न करता. भावजींनी मान हलवली. अक्का म्हणाली, "वही मीच लिहिणार, ह्यांचं अक्षर ह्यांनाच लागत नाही."

निघण्याच्या आदल्या दिवशी डबी आली. तासाभरात बसवली, आणि आम्ही आजव्याला निघालो. सयाजीराव महाराजांच्या काळात बडोद्याच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव वाघोडिया तालुक्यातच आहे. मागे अक्का, शेजारी तांदळाच्या खिचडीचा डबा. कापूस वेचणाऱ्या बायका मान वर करून पाहत होत्या आणि अक्का, न मागितलेले उत्तर द्यावे तशी, मला म्हणाली, "बसायला मऊ आहे हो."

बांधापाशी भावजींनी गाडी थांबवली आणि चावी फिरवली. इंजिन बंद झाले. लगेच. कुणी काही बोलले नाही. पाण्यावरच्या पक्ष्यांचा आवाज तेवढा येत होता. अक्काने पिशवीतून वही काढली, "मागचं डावं दार" असे लिहून पुढे आकडा टाकला आणि वही मिटत म्हणाली, "बरं बाळ, आता तू बेळगावला जायला मोकळा."