पार्टिशन दोन, चिप एकच

संगणक वापरणाऱ्याचं वय थेट विचारायचं नसेल, तर एवढंच विचारावं : ‘ए’ ड्राइव्ह कुठे गेला? ज्याला उत्तर येतं, त्याला बहुधा चाळिशी लागलेली असते, डोळ्यांवरची आणि वयाचीसुद्धा. संगणकातली अक्षरं ‘सी’पासून सुरू होतात, कारण ‘ए’ आणि ‘बी’ फ्लॉपीसाठी राखून ठेवलेली होती. १.४४ एमबीची ती चौकोनी फ्लॉपी. आज फोनवर काढलेला एक फोटोसुद्धा तिच्यात मावत नाही. माझ्या वर्गातली मुलं ‘सी’ आणि ‘डी’ही ओळखत नाहीत. त्यांच्यासाठी सगळं ‘गॅलरीत’ असतं. गॅलरी कशात असते, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. बीएड झाल्यावर एमएस-सीआयटी केलं. हा अभ्यासक्रम राज्यात २००१ मध्ये सुरू झाला आणि सरकारी नोकरीसाठी त्याचं प्रमाणपत्र हवंच, असं घरोघरी झालं. तेव्हा चर्चगेटची लोकल विरारपर्यंतच होती, डहाणू रोडपर्यंत ती २०१३ मध्ये आली. त्यामुळे पालघरहून बोईसरला क्लाससाठी जायचं म्हणजे शटलचं वेळापत्रक पाठ असावं लागे. आम्हा बऱ्याच जणींनी माउसला पहिल्यांदा हात लावला तो बोईसरलाच. तारापूर एमआयडीसीमुळे तिथे क्लास, झेरॉक्स, सायबर कॅफे सगळं होतं.

तिथे शिकलेली आणि अजून उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे पार्टिशन. हार्ड डिस्क एकच, पण तिचे भाग पाडायचे. ‘सी’मध्ये विंडोज, ‘डी’मध्ये काम, ‘ई’मध्ये गाणी आणि पिक्चर. याला कारण होतं. भारनियमनाचे दिवस होते. फाइल सेव्ह होत असतानाच वीज गेली की कधीकधी विंडोज परत उघडतच नसे. मग दुकानातला मुलगा येऊन ‘फॉरमॅट मारायचा’. ‘सी’ पुसला जायचा, पण ‘डी’मधल्या प्रश्नपत्रिका शाबूत राहायच्या. ज्याच्या संगणकात फक्त ‘सी’ होता, त्याचं सगळं जायचं.

मराठीत या तुकडे पाडण्याला किती शब्द आहेत बघा. देशाची ‘फाळणी’ होते. जिल्ह्याचं ‘विभाजन’ होतं, जसं १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून आमचा पालघर वेगळा झाला. भावाभावांत ‘वाटणी’ होते. आणि खोलीत प्लायवूड लावून घालतात ते ‘पार्टिशन’. बोईसरच्या चाळींतून अशा खोल्या पुष्कळ आहेत, अलीकडे आईवडील, पलीकडे नवं जोडपं. मुसलमान घरात वाढलेल्या माणसाच्या कानाला ‘फाळणी’ हा शब्द जरा जड जातो. पण संगणकाच्या बाबतीत लोकांनी ‘पार्टिशन’ हाच शब्द ठेवला, आणि तो बरोबर बसतो. प्लायवूडने जागा दोन होतात. छप्पर मात्र एकच राहतं.

आता पेनड्राइव्हकडे येऊ. तिच्या आत ‘फ्लॅश’ चिप असते. ही स्मृती १९८०च्या दशकात तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी शोधली, आणि यूएसबीत खोचायची काडी बाजारात आली २००० साली. सुरुवातीच्या काडीत ८ एमबी मावत, म्हणजे सुमारे साडेपाच फ्लॉप्या. आज ६४ जीबीची काडी कुणाच्याही किल्ल्यांच्या जुडग्यात असते. (विंडोज तिला ५९ जीबीच्या आसपास दाखवतं. त्यात दुकानदाराचा दोष नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने.)

मात्र पेनड्राइव्हचे भाग पाडणं बरीच वर्षं विंडोजमध्ये जमत नव्हतं. पेनड्राइव्ह संगणकाला सांगते की ‘मी काढता येणारी वस्तू आहे’, आणि अशा वस्तूचं फक्त पहिलं पार्टिशन विंडोज दाखवायचं. लिनक्सवर दोन भाग करून आणले तरी दुसरा भाग विंडोजला दिसायचा नाही. २०१७ मध्ये विंडोज १०च्या एका अपडेटनंतर ही अडचण गेली.

मी दोन भाग का करते, ते सांगते. वर्गातल्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावली की तो फक्त पहिलं पार्टिशन वाचतो. म्हणून पहिला भाग १६ जीबीचा, ‘एफएटी ३२’ पद्धतीचा. त्यात फक्त धडे, कविता, चित्रफिती. या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, पण शाळेला तेवढी लागतही नाही. उरलेला भाग ‘एक्सएफएटी’चा. त्यात माझं लिखाण, घरचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ. म्हणजे वर्गात पडद्यावर ‘कविता’ शोधताना भाचीची मेंदी उघडत नाही. ही सोय झाली, कुलूप नव्हे. कुठल्याही नव्या संगणकाला दोन्ही भाग दिसतात.

करायचं असेल तर आधी आतलं सगळं दुसरीकडे कॉपी करून घ्या, कारण सगळं पुसलं जाणार आहे. मग विंडोजची कळ आणि ‘एक्स’ एकत्र दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. खालच्या यादीत आपली पेनड्राइव्ह आकारावरून नीट ओळखा, ‘डिस्क ०’ ही बहुधा संगणकाची स्वतःची असते. पेनड्राइव्हच्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘डिलीट व्हॉल्यूम’, मग ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ आणि आकार एमबीत. उरलेल्या रिकाम्या पट्टीवर पुन्हा तेच.

इथपर्यंत सगळं छान. पण आमच्या ओळखीचे एक सर आहेत, निवृत्तीला आलेले, उर्दूचे. त्यांनीही दोन भाग केले होते. पहिल्यात वीसेक वर्षांच्या प्रश्नपत्रिका, निबंध आणि उर्दूतून मराठीकडे येणाऱ्या मुलांसाठी जमवलेली शब्दांची यादी. दुसऱ्यात याच सगळ्याची प्रत. मला अभिमानाने दाखवलं होतं, “देखो, एक में असल, दुसरे में नक़ल.” गेल्या पावसाळ्यात एके दिवशी ती पेनड्राइव्ह लावली, तर संगणक म्हणाला ‘नो मीडिया’. ना असल, ना नक्कल. दुरुस्तीवाल्या पोराने ती उघडून बघितली आणि म्हणाला, “सर, पार्टिशन दोन असली तरी चिप एकच ना!”

त्या पोराचं म्हणणं आणखी थोडं उलगडायला हवं. पार्टिशन म्हणजे चिपमध्ये घातलेली भिंत नव्हेच. ड्राइव्हच्या अगदी सुरुवातीला ५१२ बाइटचा एक छोटा कप्पा असतो. जुन्या पद्धतीत त्यातल्या ६४ बाइटमध्ये चार ओळींचा तक्ता : हा भाग इथून सुरू, एवढा लांब. बस. सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखं. चिपच्या आतली व्यवस्था तर आणखीच वेगळी. फ्लॅशचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसता-लिहिता येतो, नंतर तो झिजतो. म्हणून आत बसलेला नियंत्रक नवं लिखाण फिरतं ठेवतो, आज या कप्प्यात, उद्या त्या. पहिल्या पार्टिशनची कविता आणि दुसऱ्यातला लग्नाचा फोटो आत शेजारी शेजारी बसलेले असू शकतात. भिंत फक्त नोंदीत असते. आणि नियंत्रकच गेला की दोन्हीकडचं सगळं एकदम जातं. छप्पर गळलं की प्लायवूडच्या दोन्ही बाजू भिजतात.

वीस वर्षांपूर्वी ‘डी’ ड्राइव्हने आमच्या प्रश्नपत्रिका वाचवल्या, कारण तेव्हाचा धोका विंडोज बिघडण्याचा होता. पेनड्राइव्हचा धोका वेगळा आहे, ती अख्खीच जाते. तेव्हा मला संगणक नवा होता आणि जागा कमी होती. वाटायचं, नीट भाग पाडले की झालं. आता जागा उदंड आहे आणि माझ्याजवळ जपायला वीस वर्षांचं काम आहे. त्यामुळे नवी काडी हातात आली की तिचे किती भाग करायचे हे मी नंतर बघते. त्यातलं काय आणखी कुणाकडे आहे, हे आधी तपासते.

सरांची यादी वाचली ती अशीच. तीन-चार वर्षांपूर्वी त्यांनी ती मला वर्गासाठी दिली होती. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ती निघाली, इनपेजच्या फाइलमध्ये. इनपेज हे १९९४ पासूनचं उर्दूचं सॉफ्टवेअर. नस्तालीक अक्षर त्यात देखणं यायचं, पण जुनी फाइल इनपेजशिवाय उघडली की नुसती चिन्हं दिसतात. मराठीचंही तसंच होतं, श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचता यायचा नाही. उर्दू एका सॉफ्टवेअरमध्ये, मराठी दुसऱ्यात. दोन्ही भाषा एका पानावर आणायच्या तर प्रिंट काढून कात्री-डिंक घ्यावा लागे. युनिकोडने ते संपवलं. उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून, एकाच ओळीत दोन्ही राहतात.

आता आठवीची मुलं ती यादी फोनवर युनिकोडमध्ये नव्याने टाइप करत आहेत. उर्दूत ‘दफ़्तर’ म्हणजे कचेरी, मराठीत ‘दप्तर’ पाठीवर. उर्दूत ‘तकरार’ म्हणजे वादावादी, मराठीत ‘तक्रार’ मुख्याध्यापकांकडे. उर्दूच्या पेपरात ‘ख़ुलासा’ लिहा म्हटलं की सारांश लिहायचा, मराठीत ‘खुलासा’ मागितला की स्पष्टीकरण द्यायचं. मुलं हसतात आणि घरून नवे शब्द आणतात. परवा एकीने विचारलं, “टीचर, हे सगळं कुठे ठेवायचं?” मी तीन ठिकाणं सांगितली : एक शाळेच्या संगणकावर, एक पेनड्राइव्हवर, एक ईमेलमध्ये. आणि कागदावर छापून एक प्रत सरांच्या घरी.

तुमच्याकडेही कुणा बुजुर्गांची अशी एखादी काडी कपाटात पडलेली असेल. फ्लॅशमधलं लिखाण विजेच्या सूक्ष्म भारावर टिकतं आणि वर्षानुवर्षं नुसतं ठेवून दिलं की तो भार ओसरत जातो. या रविवारी ती काढा, लावून बघा, आतलं दुसरीकडे उतरवून घ्या. इनपेजची फाइल निघाली तर इनपेज असलेला एखादा संगणक अजून चालू आहे तोवर तिची पीडीएफ करून ठेवा. ती पेनड्राइव्ह ज्यांची, त्यांना शेजारी बसवा. कुठली फाइल कशाची, हे फक्त त्यांनाच माहीत असतं.